देवतळेकाकांची डबी

"मोबाइल परातीत!" काकूंनी स्वयंपाकघरातूनच आवाज दिला.

मी फोन बंद केला आणि ओसरीवरच्या पितळी परातीत ठेवला. परातीत आधीच सहा फोन निजले होते. राठीजींनी त्यांच्यावर जुना पंचा पांघरला आणि मला म्हणाले, "घ्या. आता दोन तास जग बुडालं तरी आपल्याले खबर नाही."

अकोल्यात जठारपेठेतल्या देवतळेकाकांच्या घरी दर रविवारी सकाळी हा परातीचा विधी व्हायचा. मग आम्ही सात-आठ जण सतरंजीवर बसून जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं ऐकायचो. सकाळी सकाळचेच राग. एकदा सुरू केलेलं मध्येच थांबवायचं नाही. खोकला आला तर उठून अंगणात जाऊन खोकायचं. सगळ्यांचे नियम सारखे, फक्त काकांना एक सवलत होती. समेवर मन भरून आलं की ते मांडीवर थाप मारून "असं!" म्हणायचे. इतर लोक वाहवा म्हणतात, क्या बात है म्हणतात. काकांचं आपलं "असं!"

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो, आणि जगात मला येत नाही असं फारसं काही उरलेलं नाही अशी माझी प्रामाणिक समजूत होती. राठीजींच्या कापडदुकानातला कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेलो तेव्हा त्यांनी मला या मंडळाबद्दल सांगितलं आणि मी यायला लागलो. गाणं खरंच आवडायचं. पण आपण आलो म्हणून मंडळ जरा या शतकात आलं, असंही मनात होतंच.

काका सतरंजीच्या टोकाला बसून डबी साफ करत होते. डबी म्हणजे त्यांचा गाण्यांचा प्लेअर. मुलानं परदेशातून आणलेला, धातूचा, हातात घेतला की चांगला वजनदार. अंगठ्यानं चाक फिरवायचं आणि गाणं निवडायचं. कानाशी धरला तर आत तबकडी फिरल्याची बारीक घरघर ऐकू यायची. तीनशे चाळीस कॅसेट काकांनी स्वतः एकेक करून त्यात उतरवल्या होत्या. कॅसेटींना बुरशी लागली होती, त्या गेल्या. राहिली ती डबी.

"काका, आता हे कोणी वापरत नाही हो," मी म्हणालो. "माझ्या फोनवर कोट्यवधी गाणी येतात."

"ऐकतो किती?"

"प्रश्न तो नाही."

"बरं, नसेल. मग मला सांग, तुझ्या फोनला दारं किती?"

"म्हणजे?"

"गाणं आत कुठून येते, बाहेर कुठून जाते?"

मी बोटं मोजायला लागलो. नेट, ब्लूटूथ, मेमरी कार्ड, व्हॉट्सॲप. एका हाताची बोटं संपली तसे काका हसले. त्यांनी डबीच्या डोक्यावरचं बारीक भोक दाखवलं, हेडफोनची पिन घालतात ते.

"हिला बाहेर जायला हे एक. इथून फक्त कानात जाता येते."

राठीजी म्हणाले, "तारखात्यातला माणूस आहे बाबू. याच्या पोटातून काही निघत नाही." आणि ते खरं होतं. बत्तीस वर्षं काकांनी लोकांच्या तारा घेतल्या होत्या. कोण मेलं, कोण पळालं, कोणाचं लग्न मोडलं, सगळं गावाच्या आधी यांना कळायचं. काकू सांगायच्या, "माझ्या सख्ख्या मामाच्या मरणाची तार यांच्या हातानं आली. तारवाला घरी पोहोचेस्तोवर यांनी तोंड उघडलं नाही. माझ्या हातचा चहा पीत बसले होते."

त्या दिवशी काकांनी चाक बराच वेळ फिरवलं. मग पिन ॲम्प्लिफायरला लावली आणि म्हणाले, "आजचं कधी लावलं नव्हतं. आज लावतो. वय झालं आता माझं."

आधी काकांचाच आवाज आला, पंचवीस वर्षांनी तरुण. "खामगाव. बारा फेब्रुवारी एकोणीसशे एकोणनव्वद. सकाळचे आठ. वत्सलाबाई हिरुळकर. राग तोडी." कुणीतरी घसा साफ केला. तंबोरे लागले.

वत्सलाबाई अमरावतीच्या. माझ्या पिढीला नावसुद्धा माहीत नव्हतं. गाणं सुंदर चाललं होतं. वीसेक मिनिटांनी बाई तार षड्जाकडे, वरच्या 'सा'कडे, निघाल्या आणि आवाज फाटला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तर स्वर आलाच नाही, नुसती हवा आली. तंबोरे वाजत राहिले आणि बाई हळूच म्हणाल्या, "नाही येत. नाही येत आता."

मला वाटलं संपलं. पण थोड्या वेळानं बाई खाली मंद्रात उतरल्या आणि तिथेच गायला लागल्या. अकरा मिनिटं. जवळजवळ बोलल्यासारखं, इतक्या हळू की आम्ही सगळे पुढे वाकलो. ते काय होतं ते मला सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि राठीजी उघड उघड रडले. शेवटच्या समेवर ध्वनिमुद्रणातल्या काकांनी मांडीवर थाप मारली. "असं!" सतरंजीवरचे काका मात्र गप्प होते.

"घशाचं ऑपरेशन झालं होतं त्यांचं," काका म्हणाले. "त्यानंतर बसल्या त्या एवढ्याच. उठल्या आणि सरळ माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, देवतळेभाऊ, हे पुसून टाका. मी म्हटलं, बाई, पुसायला हात होणार नाही माझा. पण शब्द देतो, हे माझ्या घराबाहेर जाणार नाही. त्या शब्दावर त्यांनी मला ते ठेवू दिलं."

"पण काका, हे लोकांनी ऐकायला नको?" मी म्हणालो.

"शब्द दिला नं बाबू," काका म्हणाले. एवढंच.

पुढच्या महिन्यात डबीची बॅटरी फुगली. काकांनी ती रुमालात गुंडाळून माझ्या क्लासवर आणली. मी म्हणालो, नागपूरहून बॅटरी मागवतो, दोन दिवसांत बसवून देतो.

"आतलं आतच राहू दे," काका म्हणाले.

"हो काका. काळजीच करू नका."

बॅटरी बसवली. मग चार्जिंगच्या तारेनं डबी लॅपटॉपला जोडली आणि आतलं सगळं माझ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं. स्वतःला सांगितलं की ही तबकडी म्हातारी झाली आहे, उद्या बंद पडली तर म्हाताऱ्याचं आयुष्य जाईल, एक प्रत असलेली बरी. हे खोटं नव्हतं. पण तसं होतं तर मी काकांना विचारलं असतं. विचारलं नाही, कारण ते नाही म्हणाले असते.

माझं तेव्हा इंटरनेटवर एक चॅनेल होतं. जुनी गाणी टाकायचो. दोनशे बारा लोक होते त्यावर आणि त्यातले निम्मे माझेच विद्यार्थी. आठवडाभर मी त्या तोडीभोवती घोटाळलो. मग एका दुपारी क्लास सुटल्यावर ती टाकली. वर लिहिलं, 'वत्सलाबाई हिरुळकर यांची शेवटची मैफल, अत्यंत दुर्मीळ'. सुरुवातीची एकोणीस सेकंदं, काकांचं बोलणं, तेवढं कापलं. म्हणजे कोणाचं ते कळणार नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, ते माझ्यासाठीच.

पहिल्या दिवशी नऊशे लोकांनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी चाळीस हजार. मी वर्गात शिकवता शिकवता फोन बघायचो. कुणीतरी लिहिलं, 'हा ठेवा जपणाऱ्याला दंडवत'. तो दंडवत मी खुशाल घेतला.

चौथ्या दिवशी रंग बदलला. 'गळा गेल्यावर कशाला बसायचं?' 'आजीबाई, घरी आराम करा.' कुणीतरी फाटलेल्या स्वराचे ते तीन प्रयत्न आणि 'नाही येत' एवढंच कापून चाळीस सेकंदांचा तुकडा केला. मध्ये कोंबडा आरवल्याचा आवाज टाकला. तो तुकडा गावोगाव गेला. खालच्या अकरा मिनिटांपर्यंत फारसं कोणी पोहोचलंच नव्हतं. माझ्याच एका विद्यार्थ्यानं तो मला पाठवला आणि सोबत लिहिलं, 'सर, जाम हसलो'. माझी पाचावर धारण बसली. मी मूळ गाणं काढून टाकलं. कोंबड्याचा तुकडा काढणं माझ्या हातात नव्हतं.

गुरुवारी दुपारी मी काकांकडे निघालो. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून निघालो होतो, हे मी आजही शपथेवर सांगेन. रस्त्यात चार वेळा वाक्य जुळवलं. 'काका, माझी चूक झाली.' सोपं वाक्य होतं.

ओसरीवर बाईमाणसाच्या चपला होत्या. आत खुर्चीवर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. सुती जांभळं लुगडं, पाठ ताठ. काका समोर पलंगावर.

"ये तुषार," काका म्हणाले. "बाई, हा तुषार खंडारे. आमच्या मंडळातला. तुषार, या वत्सलाबाई."

मी नमस्कार केला. तेवढ्यात काकूंनी चहाचा ट्रे माझ्या हातात दिला आणि मी तो धरून उभा राहिलो.

"माझ्या शिष्येनं गाण्याच्या क्लासच्या ग्रुपवर पाहिलं," बाई काकांना सांगत होत्या. बोलण्याचा आवाज घोगरा होता, पण शब्द लखलखीत. "पोरी माझ्यासमोर बसतात नं, तर खाली पाहतात आता. एकीच्या आईनं तर निरोपच पाठवला, की घरी पाहुणे आहेत, महिनाभर येणार नाही. महिनाभर कोणाचे पाहुणे राहतात हो?"

काका पलंगावर पुढे सरकून बसले.

"देवतळेभाऊ, मी भांडायला नाही आली. एकच विचारायला आली. ते रेकॉर्डिंग तुमचं आहे. मी ते लावलं नाही, पण शिष्या सांगते, सुरुवात कापल्यासारखी आहे आणि अगदी शेवटी कोणी तरी 'असं' म्हणते. साऱ्या वऱ्हाडात गाण्याला 'असं' म्हणणारा एकच माणूस मला माहीत आहे. तुम्ही दिलं का?"

ते 'असं' मी शंभर वेळा ऐकलं होतं आणि ते कापायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला तो गाण्याचाच भाग वाटत होता.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तार आली की ते ती पूर्ण होईपर्यंत थांबत असतील, तसे ते थांबले. मी ट्रेवरच्या फुलांकडे पाहत राहिलो. ट्रेवर सूर्यफुलं होती, सात. एकाचा रंग गेलेला होता.

"माझ्याकडूनच गेलं, बाई," काका म्हणाले.

"कसं?"

"ते विचारू नका. डबी माझी, म्हणून शब्द माझा. गेला तो माझ्याकडून गेला."

बाईंनी काकांकडे एकदा नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "पंचवीस वर्षं मी माणसांवरून भरवसा उडाला की तुमचं नाव आठवत होती." त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही, काही नाही. सरळ म्हणाल्या, "आता तरी पुसा. माझ्यासमोर."

काकांनी उशाखालची डबी काढली आणि माझ्यापुढे धरली. "माझ्यानं होणार नाही. तुषार, तुझं यंत्र आहे नं सोबत?"

लॅपटॉप माझ्या पाठीवरच होता. मी खाली बसलो, डबी जोडली, ती तोडी उघडली. पडद्यावर स्वरांची लांबलचक रेघ दिसायला लागली, जाड, बारीक, जाड, आणि शेवटची अकरा मिनिटं अगदी बारीक.

"सुरुवातीचं माझं बोलणं तेवढं राहू दे," काका म्हणाले. "बाई, चालेल नं? नाव आणि तारीख. तुम्ही त्या दिवशी बसल्या होत्या एवढंच राहील."

बाईंनी मान हलवली.

काही दिवसांपूर्वी मी काकांचं बोलणं कापून बाईंचं गाणं ठेवलं होतं. आता बाईंचं गाणं कापून काकांचं बोलणं ठेवलं. दोन्हीला एकच बटण.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"आता कुठेच नाही नं?"

माझ्या घरी टेबलाच्या खणात ती हार्ड डिस्क होती. बाई माझ्याकडे पाहत होत्या. काका माझ्याकडे पाहत होते. काकू दारात उभ्या होत्या. एवढी मोकळी वाट मला आयुष्यात पुन्हा कोणी करून दिली नाही.

"कुठेच नाही," मी म्हणालो.

बाई उठल्या. चहा तसाच राहिला होता. काका त्यांना फाटकापर्यंत सोडून परत आले आणि पलंगावर टेकले. मला वाटलं, आता बोलतील. आता चार शिव्या घालतील तर बरं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण काकांनी मला तेवढाही लायक समजलं नाही.

"चहा घे," ते म्हणाले. "गार होऊन राहिला."

मी चहा प्यायलो. खाली मान घालून, पूर्ण कप. त्या चहाची चव अजून माझ्या तोंडात आहे आणि तिची मला लाज वाटते.

नंतर तीन रविवार गेलो. परातीत फोन ठेवला, गाणं ऐकलं. काका पूर्वीसारखेच वागले. फक्त समेवर "असं!" म्हणणं त्यांनी सोडून दिलं होतं. राठीजींनी एकदा विचारलं, "काय देवतळेजी, आज दाद नाही?" काका नुसते हसले. चौथ्या रविवारी मी रविवारची जादा बॅच सुरू केली आणि जाणं बंद झालं.

काका दोन वर्षांनी गेले. तेराव्याला गेलो तेव्हा काकूंनी मला आत बोलावलं आणि रुमालात गुंडाळलेली डबी हातात दिली.

"तुला द्यायला सांगून ठेवलं होतं."

"मला? काकू, मला का?"

"मीही विचारलं," काकू म्हणाल्या. "तर म्हणाले, त्याला लागेल."

डबी घरी आणली आणि तीन दिवस नुसती टेबलावर ठेवली. चौथ्या दिवशी हार्ड डिस्क आणि लॅपटॉप पिशवीत घालून अमरावतीची बस धरली.

वत्सलाबाईंनी दार उघडलं. त्या वाळल्या होत्या. मागे दोन मुली तंबोरा घेऊन बसलेल्या होत्या. त्यांना बाईंनी आतल्या खोलीत पाठवलं. मी बसलोसुद्धा नाही. उभ्याउभ्याच सांगितलं, बॅटरीपासून कोंबड्यापर्यंत. या वेळी वाक्य जुळवावं लागलं नाही.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"काकांनी सांगितलं?"

"ते कशाचे सांगतात! तुम्ही 'कुठेच नाही' म्हणालात नं, तेव्हाच कळलं. माझा गळा गेला, कान नाही गेला." त्या खुर्चीत टेकल्या. "मी थांबली होती, तुम्ही बोलाल म्हणून. देवतळेभाऊपण थांबले होते. फाटकापाशी मला म्हणाले, पोरगं चांगलं आहे, येईल. मी म्हटलं, कधी? म्हणाले, माहीत नाही."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. बाईंनी समजूत घातली नाही. रडणं होऊ दिलं, मग म्हणाल्या, "आणलं का ते?"

"हो. तुमच्यासमोर पुसायचं म्हणून आणलं."

"आधी लावा. मी ते कधी ऐकलंच नाही."

मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले आणि गाणं लावलं. मला काही ऐकू येत नव्हतं, मी फक्त त्यांचा चेहरा पाहत होतो. वीस मिनिटांनी त्यांनी डोळे मिटून खुर्चीचा हात घट्ट धरला, तीनदा. मग हळूहळू बोटं सैल झाली. पुढची अकरा मिनिटं त्यांची मान अगदी बारीक हलत होती. शेवटी त्या एकदम हसल्या. काकांची थाप आली असणार.

हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवले.

"बरं झालं होतं की हो," त्या म्हणाल्या. स्वतःशीच. "मला वाटत होतं, सगळंच गेलं. खालचं बरं झालं होतं."

"बाई, मग राहू द्या नं. हे फारसं कुणी ऐकलंच नाही. लोकांकडे फक्त तो चाळीस सेकंदांचा तुकडा आहे."

"पुसा."

"पण..."

"चांगलं आहे म्हणून शब्द मोडायचा, असं थोडंच असते? चांगलं होतं म्हणूनच तर देवतळेभाऊंनी शब्द दिला होता." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "देवतळेभाऊंनी तुमचं आपल्या अंगावर घेतलं. आता त्यांचं तुम्ही पाळा."

मी पुसलं. या वेळी खरोखर कुठेच उरलं नाही. कोंबड्याचा तुकडा तेवढा अजून फिरतो. दरवर्षी कुणाला तरी नव्यानं सापडतो आणि मलाही येतो.

क्लासमधली मुलं मला विचारतात, सर, तुम्ही हे एवढं जड कशाला वागवता, फोन आहे की. मी म्हणतो, सवय. डबीची बॅटरी मी आणखी दोनदा बदलली आहे. रोज सकाळी आठ वाजता मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो, चाक फिरवतो आणि तोडी लावतो. खामगाव. बारा फेब्रुवारी एकोणीसशे एकोणनव्वद. सकाळचे आठ. वत्सलाबाई हिरुळकर. राग तोडी. कुणीतरी घसा साफ करतं, तंबोरे लागतात, आणि एकोणीस सेकंदांनी ते थांबतं.